नेरळचं इंजिन

आमच्या मंचरला रेल्वे नाही. घोडेगावला नाही, नारायणगावला नाही, जुन्नरलाही नाही. पुणे-नाशिक रस्त्याच्या अंगानं सगळी गावं वाढली, बटाट्या-कांद्याचे ट्रक रात्रंदिवस धावतात, पण रेल्वेची शिट्टी ऐकायची तर पुण्याला ६० किलोमीटर जावं लागतं. आणि तरी सांगतो, आमच्या भागातल्या माणसाइतका रेल्वेच्या जिवावर जगलेला माणूस शोधून सापडायचा नाही. मुंबईत जेवणाचे डबे पोचवणारी माणसं पाहा. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले हीच त्यांची मुळं. ज्यांच्या गावाला रूळ नाहीत, त्यांनी सगळी हयात लोकलच्या मालडब्यात काढली. आमचे तात्या त्यांतलेच. अंधेरीला डबे गोळा करायचे आणि चर्चगेटला उतरवायचे. गावी आले की पहाटे चारला उठून बसायचे. आई म्हणायची, "इथं नाही तुमची गाडी, झोपा."

मी शिकलो दहावीपर्यंत. पुढं शेती. इतिहास मला पुस्तकात फार भेटला नाही, वाटेत भेटला. तसाच एक नेरळला भेटला. तोच सांगायला बसलोय.

१९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीला सांगावा लागत नाही. १९७३ चा उन्हाळा तर त्याहून वाईट. विहिरीच्या तळाला चिखलसुद्धा उरला नव्हता. आई खडी फोडायच्या कामावर जायची आणि आम्ही पोरं सुकडीची वाट बघत बसायचो. दोन बैलांपैकी एक गेला, दुसरा मिळेल त्या पैशाला विकला. त्यात तात्यांची मनिऑर्डर दोन महिने आली नाही. पत्र नाही, निरोप नाही. आईनं मला आजोळी पाठवलं. माझं आजोळ तळेघरच्या बाजूला, भीमाशंकरच्या वाटेवर. मामा मुंबईला कामाच्या शोधात निघालाच होता. आईचा निरोप असा होता की पोराला संगं ने आणि त्याच्या बापाचा तपास लाव.

एसटीनं पुण्यावरून मुंबई गाठायची तर दोघांच्या तिकिटाला पैसे नव्हते. मामा म्हणाला, "घाटानं उतरू. आपल्या बापजाद्यांची वाटच ती." भीमाशंकरच्या पलीकडं सह्याद्रीचा कडा सुटतो आणि खाली कोकण दिसतं. गणपती घाटानं आम्ही उतरलो. रात्री खांडसला एका ओसरीवर पडलो, पहाटे उठून कशेळ्यापर्यंत चाललो आणि तिथनं एसटीनं नेरळ. आज नकाशा बघितला की कळतं, आमच्या तालुक्याच्या पश्चिम अंगाला राहणाऱ्या माणसाला सरळ रेषेत जवळचं रेल्वे स्टेशन हेच. पुणे नव्हे. फक्त मधी सह्याद्री उभा आहे.

नेरळला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. मोठ्या रुळांच्या शेजारी अगदी खेळण्यातले वाटावेत असे अरुंद रूळ, आणि त्यांवर एक बुटकं इंजिन. आमच्या गोठ्याच्या आढ्याइतकंसुद्धा उंच नसेल. धुराडं, दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या, खाली सहा चाकं, आणि सगळ्या अंगातून वाफ. चामड्याच्या सोंडेसारख्या नळातून त्याला पाणी भरत होते. पाणी भरून वाहिलं, रुळांच्या मधी सांडलं, खडीत जिरलं. मी बघतच राहिलो. दोन वर्षांत मी पाणी सांडलेलं बघितलं नव्हतं.

मामा हळूच म्हणाला, "बघ रं. इंजनाला पानी हाय. आपल्या बैलाला नव्हतं."

डब्यांत मुंबईची माणसं बसत होती. पांढऱ्या टोप्या, रंगीत साड्या, पोरांच्या हातात बिस्किटांचे पुडे. ही गाडी कुठं जाते म्हणून मी विचारलं. माथेरानला. तिथं काय आहे? मामा म्हणाला, "थंड हवा." थंड हवेसाठी गाडी! आमच्या भीमाशंकरला काय कमी थंड हवा होती? पण तिथं जायला आम्हाला पाय होते तेवढेच.

इंजिनावरच्या काळवंडलेल्या माणसानं माझ्याकडं बघितलं. मी पाण्याकडं कसा बघत असेन ते त्याला कळलं असावं. त्यानं हातानं बोलावलं, मामाच्या हातातला तांब्या घेतला, त्याच नळाखाली धरला आणि भरून दिला. आम्ही दोघं घटाघटा प्यालो. त्यानं दुसऱ्यांदा भरून दिला. बोलला काहीच नाही. मग शिट्टी झाली आणि ते इंजिन धापा टाकत डोंगराकडं निघालं.

तात्या अंधेरीच्या गाळ्यात तापानं अंथरुणाला खिळले होते. सोबत्यांनी त्यांच्या वाटणीचे डबे आपसात वाटून घेतले होते, म्हणून काम टिकलं होतं. पुढं ते बरे झाले. पण मला त्या प्रवासातलं ठळक आठवतं ते नळाचं पाणी.

तेव्हा जे कळलं नाही ते पुढं हळूहळू गोळा केलं. माथेरान इंग्रजांच्या नजरेत आलं १८५० साली. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट त्या डोंगरावर चढला, त्याला जागा आवडली, त्यानं बंगला बांधला. मग मुंबईचे साहेब आणि धनिक उन्हाळ्यात तिकडं जाऊ लागले. नेरळपर्यंत आगगाडी, पुढं घोडा, पालखी नाहीतर माणसांनी ओढायची रिक्षा. म्हणजे थंड हवा खाणारा एक आणि घाम गाळणारे चार.

त्या काळी मुंबईत सर आदमजी पीरभॉय म्हणून मोठे बोहरी व्यापारी होते. लष्कराला तंबू आणि चामड्याचा माल पुरवून ते मोठे झाले. त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन. या मुलानं डोंगरावर रेल्वे न्यायचं मनावर घेतलं आणि बापानं पैसा पुरवला. १९०४ साली काम सुरू झालं, १९०७ साली गाडी वर पोचली. खर्च १६ लाख रुपये. सरकारचा नव्हे, एका घरचा. त्या वेळच्या १६ लाखांत काय काय आलं असतं याचा हिशोब मी एकदा मांडायला बसलो होतो, पण बैलांच्या किमतीपुढं माझा हिशोब जाईना.

रूळ दोन फूट रुंदीचे. लांबी सुमारे २१ किलोमीटर. चढ कुठं कुठं २० फुटांना १ फूट. शेतकऱ्याला हा चढ लगेच कळेल. भरलेली बैलगाडी अशा चढाला लागली की आम्ही चाकामागं दगड घेऊन एक माणूस चालवायचो. तिथं तर दोनशेहून जास्त वळणं. बोगदा मात्र एकच, तोही इवलासा. डोंगर फोडून सरळ जायचं ठरवलं असतं तर १६ लाख पहिल्या कड्यालाच संपले असते. म्हणून रूळ डोंगराच्या कलानं घेतले. जिथं डोंगर आत गेला तिथं रूळ आत गेले, जिथं सोंड पुढं आली तिथं तिला वळसा घातला. जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज अशी मधली स्टेशनं. वॉटर पाईपला इंजिनाला पुन्हा पाणी पाजायचं. नेरळला पोटभर प्यालेलं इंजिन वर जाईपर्यंत कोरडं पडायचं.

या रेल्वेचा सल्लागार इंजिनियर होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हे नाव वाचलं आणि मला माझी आजी आठवली. आजीनं आयुष्यात इंग्रज बघितला असेल-नसेल, पण या माणसाच्या गाडीत ती बसली होती. आमच्याकडची वारकरी माणसं आळंदीहून पालखीबरोबर पायी पंढरपूरला जायची आणि परत येताना पंढरपूर ते कुर्डुवाडी छोट्या गाडीनं यायची. तिथनं मोठ्या गाडीनं पुणं. त्या छोट्या गाडीला सगळे 'बार्शी लाईट' म्हणायचे. ती बार्शी लाईट रेल्वे उभी केली ती याच कॅलथ्रॉपनं. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि १९०६ साली पंढरपूरला पोचली. तिची रुंदी अडीच फूट. त्याचा एक नियम होता, एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही. आस हलका म्हणजे रूळ हलके, रूळ हलके म्हणजे खर्च कमी, आणि खर्च कमी म्हणजे गरीब मुलखातसुद्धा रेल्वे जाऊ शकते. मला हा विचार फार पटला. आजी सांगायची, आषाढीला त्या गाडीत माणसं मावायची नाहीत, टपावर बसायची, मालाच्या वाघिणीत बसायची, आणि सगळी गाडी विठ्ठल विठ्ठल करत चालायची. म्हणजे एकाच माणसाच्या डोक्यातून दोन गाड्या निघाल्या. एक विठोबाला गेली, एक थंड हवेला. हा गृहस्थ पुढं विमानातून उडी मारायच्या छत्रीच्या मागं लागला हेही मी वाचलं. डोंगर चढवून झाल्यावर माणसाला खाली उतरायची काळजी लागली असणार.

माथेरानसाठी चार इंजिनं आली, जर्मनीतल्या ओरेनस्टाइन आणि कॉपेल या कारखान्यातून. त्यांतलंच एक मी १९७३ साली पाणी पिताना बघितलं. डिझेलची इंजिनं १९५५ पासूनच येऊ लागली होती, तरी ही वाफेची इंजिनं आणखी पंचवीस-एक वर्षं चढत राहिली. १९८० नंतर दोन-तीन वर्षांत त्यांचा विस्तव कायमचा विझला. एक इंजिन फिरत फिरत इंग्लंडमध्ये लेटन बझार्ड या गावी पोचलं. तिथल्या हौशी मंडळींनी ते दुरुस्त करून पुन्हा चालतं केलं. आणि एक नेरळच्या आवारात उभं राहिलं.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय मी पुन्हा नेरळला गेलोच नसतो.

पुणे-नाशिक रेल्वेचं नाव मी लहानपणापासून ऐकतोय. प्रत्येक निवडणुकीला ती येते आणि मतमोजणीनंतर जाते. पण चार-पाच वर्षांपूर्वी खरंच वाटलं की आली. सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग, ताशी २०० किलोमीटर वेग, मंचरला स्टेशन, असं सगळं कागदावर आलं. मोजणीची माणसं रानात उतरली. आमच्या विहिरीजवळच्या तुकड्यातून रेघ गेली. ५० गुंठे. तात्यांनी डब्याच्या कमाईतून एकेक गुंठा जोडून घेतलेली ती जमीन, दोघा भावांच्या नावावर सामाईक.

धाकटा बदलापूरला राहतो. तो म्हणाला, "दादा, चांगला भाव मिळतोय. देऊन टाकू. आपल्या गावाला रेल्वे येतीय, आणखी काय पाहिजे?" मी म्हणालो, "विहीर जाईल. उरलेल्या रानाचे दोन तुकडे होतील. मी ह्या तुकड्यातून त्या तुकड्यात कसा जाऊ, गाडी येऊन थांबायची वाट बघू?" तो म्हणाला, जमीन कसतोस तू, पण नाव माझंही आहे. मी म्हणालो, नाव लावायला तुझा हात लागत नाही, नांगर धरायला लागतो. बोलायला नको होतं. बोललो. आमच्या तालुक्याला जमीन देणं नवं नाही. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्या पाण्यावरच आज आमचा ऊस उभा आहे, हे मी विसरलेलो नाही. म्हणून तर माझं मलाच कळेना, मी बरोबर आहे की धाकटा.

मग बातमी आली की रेल्वे या वाटेनं येत नाही. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटीची दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या, आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या. इतक्या नाजूक कामाजवळून विजेवरची गाडी गेली तर अडथळा होईल म्हणून त्या सरळ मार्गाला हरकत निघाली आणि मार्ग दुसरीकडून न्यायच्या गोष्टी सुरू झाल्या. दुर्बीण मोठी गोष्ट आहे, डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली, जगभरचे शास्त्रज्ञ तिथं येतात. माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. पण रेल्वे आलीच नाही, जमीन गेलीच नाही, पैसे आलेच नाहीत, आणि आम्ही दोघं भाऊ मात्र बोलेनासे झालो. बांधावर मोजणीची एक खूण राहिली. तीन वर्षं मी तिच्या कडेनं नांगर वळवला.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात पुतणीचं लग्न ठरलं. फोन पुतणीनं केला, "मोठे बाबा, तुम्ही यायलाच पाहिजे." गेलो. धाकट्यानं पाया पडून घेतलं, मी पाठीवर हात ठेवला, पण शब्द काही निघेना. लग्न झालं. दुसऱ्या दिवशी मी निघताना सहज म्हणालो, वाटेत नेरळला उतरणार आहे. मामाबरोबर आलो होतो त्या जागी. तो थोडा वेळ गप्प बसला. मग चप्पल घातली आणि म्हणाला, "चल, मीबी येतो."

नेरळ स्टेशनाच्या आवारात रेल्वेनं जुन्या वस्तूंचं छोटंसं संग्रहालय मांडलंय. तिथं ते उभं होतं. रंग दिलेला, चकाचक, थंडगार. मी हात लावून बघितला. जनावर गेलं की अंग असंच गार लागतं. पूर्वी याच्याजवळ उभं राहवत नव्हतं एवढी धग असायची. धाकटा त्याचे फोटो काढू लागला. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. रेल्वेतच फिटर होते म्हणाले. आम्ही शेतकरी म्हटल्यावर ते उलट खुलले.

त्यांनी आम्हाला खाली वाकायला लावलं आणि चाकं दाखवली. "या इंजिनाची गंमत इथं आहे," ते म्हणाले. "सहा चाकं, तीन आस. तिन्ही आस साध्या इंजिनासारखे ताठ बसवले असते तर या वळणांवर ते गेलंच नसतं. चाक रुळाला घासलं असतं, नाहीतर रूळ सोडून दरीत. म्हणून पुढचा आणि मागचा आस पोकळ आहे. आत एक दांडा, बाहेर पोकळ नळी. जोर आतल्या दांड्यातून येतो आणि बाहेरची नळी वळणाप्रमाणं थोडी इकडं-तिकडं सरकते. मधला आस सरळ राहतो." या जोडणीला क्लीन-लिंडनर म्हणतात हे मला नंतर कळलं.

मला एकदम सहा बैलांचा नांगर दिसला. ट्रॅक्टर यायच्या आधी खोल नांगरट करायची तर लोखंडी नांगराला तीन जोड्या जुंपायचो. बांधाशी वळताना सगळे बैल एकदम वळवले तर साखळ्या गुंततात, जू मोडतं. पुढच्या जोडीनं आधी वळायचं, मधल्यांनी दमानं, मागच्यांनी शेवटी. ज्याला हे जमतं तोच नांगऱ्या. मी हे म्हणालो तर म्हातारे हसले. "हेच, हेच. फक्त बैल लोखंडाचे."

मग उतरतानाची गोष्ट त्यांनी सांगितली. लोकांना वाटतं चढ अवघड, पण खरा जीव उतारावर टांगलेला असायचा. डब्याडब्यावर ब्रेकवाला उभा असायचा. ड्रायव्हरची शिट्टी ऐकून त्यानं हातानं चाक फिरवून ब्रेक आवळायचा, दुसरी खूण झाली की सैल सोडायचा. पावसाळ्यात दरडी, म्हणून गाडी बंद. २६ जुलै २००५ च्या पावसानं तर रूळच वाहून नेले, पुन्हा गाडी चालायला २००७ साल उजाडलं. मी त्यांना तांब्याची गोष्ट सांगितली. विचारलं, १९७३ ला इंजिनावर कोण असेल? ते म्हणाले, "चारी इंजिनांवरची माणसं आम्हाला तोंडपाठ होती. पण त्यांतले आता कोण राहिले?" पाटीवर कारखान्याचं नाव होतं. बांधणाऱ्याचं नाव पुस्तकात आहे, पैसे घालणाऱ्याचंही आहे. कोळसा मारणाऱ्याचं, ब्रेक आवळणाऱ्याचं, खडी फोडणाऱ्या बायांचं कुठं लिहिलेलं मला दिसलं नाही. माझी आई खडी फोडायची, म्हणून माझी नजर तिकडं जाते.

म्हातारे निघून गेले. आम्ही दोघं बाकावर बसलो. धाकट्यानं दोन चहा आणले. माथेरानच्या वाटेनं हिरवा डोंगर दिसत होता आणि दुसऱ्या अंगाला, लांबवर, भीमाशंकरची रांग. मी बोट करून दाखवलं. "तिथनं उतरलो होतो. तू तेव्हा पाळण्यात होतास."

तो म्हणाला, "तात्या आजारी होते तेव्हा ना? आई सांगायची." मग बऱ्याच वेळानं म्हणाला, "दादा, ती विहीर तात्यांनी किती साली खांदली?"

"१९७४ ला. बरे झाल्यावर पहिली सुट्टी घेऊन आले आणि विहिरीलाच हात घातला."

"मला माहीत नव्हतं."

"मीबी कधी सांगितलं नव्हतं," मी म्हणालो.

जमिनीबद्दल त्या दिवशी आम्ही एवढंच बोललो. तो लोकलनं बदलापूरला गेला आणि मी कर्जतकडून पुण्याला. पण त्या चैत्रात तो गावच्या जत्रेला आला, रानात फिरला आणि बांधावरची ती खूण त्यानंच पहारीनं उकरून काढली. म्हणाला, रेल्वे आली तर परत रोवतील, त्यांना कुठं अवघड आहे.

रेल्वे यावी असं मला आजही वाटतं. आमची पोरं पुण्याला नोकरीला जातात, रस्त्यावर रोज अपघात होतात, टोमॅटो दिल्लीला पोचेपर्यंत नासतो. ती आली आणि रेघ पुन्हा आमच्याच रानातून गेली तर या खेपेला मी आधी धाकट्याला फोन करीन. आणि मोजणीवाल्या साहेबांना उन्हात उभं न करता आधी विहिरीचं पाणी देईन. आम्हालाही एकदा कुणीतरी इंजिनाच्या वाटणीतलं पाणी दिलं होतं.